मेंढपाळाचा डावा पाय

शिंपल्यात कालवलेला लाल रंग कडेने सुकत आला होता – रेमीने त्यात जवसाच्या तेलाचा थेंब सोडला, बोटाने घोळवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज या रंगाचं काही कामच नाही. दिदिएने सकाळी जिन्यातच सांगितलं होतं, "या वेळी माणसं मीच काढली. सहज. तू नुसतं बघ." सहज!... वीस वर्षं दिदिए झाडं काढत आला, पाणी, पडके खांब, मावळतीचा तो उजेड, ज्यासाठी अख्खं रोम त्याच्या दारात खेटे घालतं – आणि शेवटी, सगळं वाळल्यावर, रेमीने यायचं नि अंगठ्याएवढी माणसं उभी करायची. माणसांवाचून चित्र कुणी घेत नाही. म्हणून मी. लोरेन प्रांतातून रोमला दोघं एकाच खेचरामागे चालत आलो, तेव्हापासून मी... चित्राखाली नाव मात्र एकट्या दिदिएचं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, असं तो स्वतःला सांगत आला होता.

त्याने चित्राकडे पाहिलं. ओढ्याकाठी एक मेंढपाळ. डावा पाय उजव्यापेक्षा चांगला जवभर लांब, मान खांद्यांत रुतलेली. रेमीला हायसं वाटलं. पोटाची चिंता मिटली.

"बोल की रे," दिदिए मागून म्हणाला. "मिठाची गुळणी धरलीस का?"

"लंगडा आहे."

"लंगडा तर लंगडा. मेंढ्यांना काय त्याचं! दुपारी कार्डिनलसाहेबांचा माणूस चित्र न्यायला येतोय. नीट कर, नाहीतर राहू दे. तू म्हणशील तसं."

रेमीने कुंचला उचलला. केसाएवढं काम – पण तो पाहतच राहिला. त्या बेढब माणसाच्या पोटऱ्यांपर्यंत गवताचा ओलावा चढला होता; पाठीवर तोच उजेड, जो शेजारच्या बुंध्यावर. तो मेंढपाळ तिथे राहत होता. आणि माझी माणसं? प्रमाणशीर, देखणी, एकूण एक, कुठल्या कुठल्या महालांत टांगलेली... ती सगळी त्या उजेडापुढे पाहुण्यांसारखी उभी होती, बोलावलं म्हणून आलेली. वीस वर्षांत हे एकदाही दिसलं नव्हतं. दिदिएला दिसलं असेल? कधीपासून? त्याला दिदिएचा हेवा वाटला, चक्क हेवा, एका वाकड्या पायासाठी.

"काय मग?"

"करतो," रेमी म्हणाला.

कुंचला चित्रापासून वीतभर अंतरावर होता. हात स्थिर होता, नेहमीसारखाच. फक्त आज पहिल्यांदा त्याला भीती वाटत होती, की तो पाय सरळ होईल.