तलावात उतरलेला लाल टब

मी टब बोलतोय. गरम पाण्याने भरून लोळायचा श्रीमंती टब नव्हे, कपडे भिजत घालायचा साधा टब. रंग लाल, एक कान तुटलेला, काठावर गरम इस्त्री टेकल्याचा डाग. रस्त्यात ठेवलंत तर कुणी वळून बघणार नाही. पण ज्या तलावात उतरण्यासाठी माणसं फी भरतात, त्या तलावात मी फुकट उतरलो आहे. तेही सगळ्यांच्या देखत, वाजतगाजत. ते कसं झालं, ते ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. आमचा मालक हुशार होता. महागड्या प्लास्टिकमध्ये तो बेताबेताने खडूची भुकटी मिसळायचा. त्यामुळे मी जन्मापासूनच अंगाने जड. दुकानात आम्ही भावंडं एकमेकांच्या पोटात बसून दाराशी टांगलेलो असायचो, आणि दुकानदार माझ्या जडपणाचंच कौतुक करायचा.

"उचलून बघा बाई! वजन बघा वजन! नातवंडं येतील, पण टब जाणार नाही."

बाईंनी मला उचललं, बोटाच्या पेराने टकटक केलं, उजेडाकडे धरून तळाला भोक नाही ना ते पाहिलं. तेव्हा त्या पोटुशी होत्या. उचलताना एक हात पोटावर, एक माझ्यावर. भाव करताना मात्र दोन्ही हात कमरेवर. अशी माझी आणि त्यांची ओळख.

पुढे त्यांची लेक झाली आणि माझं नशीब उजळलं. दिवसा कपडे, संध्याकाळी पोरगी. ती माझ्यात बसून पाय आपटायची, म्हणून तिच्या बाबांनी तिचं नाव ठेवलं बेडकी. घरात, गल्लीत, शाळेत, सगळीकडे तेच नाव चिकटलं.

मग बेडकी मोठी झाली, माझ्यात मावेना. त्यातच बेडकीच्या आत्याने स्वतःचं जुनं धुण्याचं मशीन इकडे पाठवलं. झालं! मी न्हाणीघराच्या दाराआड पालथा. बल्ब बदलायचा असला की माझ्या पाठीवर पाय. एक कोळीण माझ्या पोटात संसार थाटून बसली. तक्रार कुणाकडे करणार? मी पडलो टब.

पण ती जागा ऐकायला फार छान होती. न्हाणीघराला लागूनच ओटा, आणि माणसं खरं बोलतात ती ओट्यापाशीच. तिथूनच मला कळलं की बाईंचा जीव टांगणीला लागला आहे.

आम्ही या घरात नवीन आलो होतो. भाडं कमी, कारण खिडकीखाली कालवा. पाणी खोल, संथ, आणि कठडा एवढासा. बाईंनी खिडकीला जादा कडी बसवून घेतली होती. बेडकी शाळेतून यायची वेळ झाली की त्या कालव्याच्या बाजूने चालत अर्ध्या वाटेवर जायच्या आणि तिला भिंतीच्या बाजूने आणायच्या.

"किती दिवस भिंतीच्या बाजूने आणशील?" बेडकीचे बाबा म्हणाले. ते लिफ्ट दुरुस्त करतात. रोज लोकांना वरखाली पोचवण्याची सोय बघतात, पण बायकोच्या काळजीपुढे त्यांचा पाना चालत नाही. "पोरीला पोहायला घाल. पाण्याजवळ राहायचं तर पोहता यायला हवं."

"मी काय नको म्हणतेय? आज विचारून आले तलावावर. तीन प्रकार आहेत म्हणे. मोठा गट, तीन मुलांचा छोटा गट, नाहीतर एकटीला शिकवतात."

"मग एकटीचा लाव."

"त्याची फी ऐकून मी पर्सची चेन लावून टाकली. घरभाड्याच्या वर जाते हो! छोटा गटही आपल्या आवाक्यातला नाही. राहिला मोठा."

"मग मोठा."

"तिथे दहा मुलं आणि शिकवणारी एक. ज्याला तोंडाला पाणी लागलं की रडू येतं, त्याला त्या घेतच नाहीत. म्हणाल्या, एकाचे डोळे पुसत बसले तर बाकीच्या नवांकडे कोण बघणार? खरंच आहे ना ते. आधी परीक्षा घेतात. पाच म्हणेपर्यंत तोंड पाण्यात. जमलं तर मोठा गट. नाही जमलं तर भीती जाईपर्यंत एकटीचा वर्ग."

"भीती जायला किती दिवस?"

"ते म्हणे मुलावर आहे."

बाबा उठले. पाणी प्यायले आणि पेला जरा जोरात ठेवला. नावाची बेडकी, पण केस धुवायचे म्हटलं की सगळ्या इमारतीला कळायचं. ती पाच म्हणेपर्यंत तोंड बुडवणार? कठीणच होतं.

दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. त्यांचा आवाज फोनमधून न्हाणीघरापर्यंत पोचतो.

"अगं, एकटीचाच लाव. आमच्या पिंट्याला लावला, बघ कसा मासा झालाय! पैशाकडे काय बघतेस, पोरीकडे बघ."

"पोरीकडेच बघतेय हो ताई," बाई म्हणाल्या. "पैसेच आमच्याकडे बघत नाहीत."

फोन ठेवला आणि बाई थेट न्हाणीघरात आल्या. मला सरळ केलं. कोळिणीला झाडूवर घेऊन हळूच खिडकीबाहेर सोडलं, मला घासून काढलं आणि काठोकाठ भरलं. किती दिवसांनी माझ्यात पाणी आलं! मी आतून बाहेरून थंड झालो.

"बेडके, ये. तोंड बुडव बघू."

"नाही."

"चॉकलेट देते."

"आधी दे."

चॉकलेट गेलं, तोंड कोरडंच राहिलं. दुसऱ्या दिवशी गोडीगुलाबी, तिसऱ्या दिवशी रागावणं, मग रडारड. दोघींचीही. परीक्षेचा रविवार जवळ येत होता, आणि मी नुसताच भरला जायचो आणि रिकामा केला जायचो.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. इतकी वर्षं मी या ना त्या न्हाणीघरात काढली होती. बाई स्वतः तोंड कसं धुतात ते मी रोज बघायचो. डोळे घट्ट मिटलेले, श्वास कोंडलेला, ओंजळभर पाणी गालाला लावलं न लावलं की लगेच टॉवेल. आणि बेडकीचे केस धुताना? "डोळे मीट! मान वर कर! नाकात जाईल! अगं मीट म्हणते ना डोळे!" पाणी बिचारं कोमट, अंगावरून सरळ वाहून जाणारं. आरडाओरडा सगळा आमच्या बाईंचा. पण टबाला तोंड नसतं.

ते काम बेडकीनेच केलं. एका दुपारी ती एकटीच बाहुली घेऊन माझ्यापाशी आली. बाहुलीला माझ्यात उभी धरली आणि केवढ्याने तरी ओरडली, "डोळे मीट गं बाई! नाकात जाईल! बुडशील! मीट म्हणते ना!"

बाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. हुबेहूब आपलाच आवाज ऐकून त्या तिथेच थबकल्या. टॉवेल खांद्यावरून घसरला तरी उचलला नाही. मग आत आल्या, माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"बेडके, आधी मी बुडवते. तू म्हण पाच."

बेडकीने आ वासला. "तू?"

"मी."

बाईंची पकड माझ्या काठाला बसली. इतकी घट्ट की वाटलं, दुसराही कान जातोय. त्या वाकल्या, परत वर आल्या, पुन्हा वाकल्या. आणि बुडवलं तोंड! नाकातून दोन मोठे बुडबुडे निघाले आणि माझ्या तळाला गुदगुल्या झाल्या. वर आल्या त्या ठसकत, केस गालाला चिकटलेले.

बेडकी खदखदून हसली. "आई, तू म्हशीसारखी फुरफुरलीस!"

"हसतेस काय? तू करून दाखव फुरफुर."

फुरफुर करायची म्हणून तिने ओठ बुडवले. मग नाक. मग कपाळापर्यंत. त्या संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा दोघी ओल्याचिंब, न्हाणीघरात तळं, आणि चूल थंड.

"आज काय उपास?"

"आज बाहेरून आणा," आतून आवाज आला. "आम्ही शिकतोय."

रविवारी त्या दोघी तलावावर गेल्या. मी न्हाणीघरात एकटा, जीव नुसता वरखाली. थोड्या वेळात दार धाडकन उघडलं. बाई एकट्याच होत्या, धापा टाकत. त्यांनी मला कडेवर घेतलं आणि तशाच पळत सुटल्या. वाटेत स्वतःशीच बोलत होत्या, त्यातून मला कळलं. एवढं मोठं पाणी बघून बेडकी मागे सरली होती. "हे आपलं पाणी नाही, आपलं पाणी टबात आहे," म्हणून तिने पायरीलाच मिठी मारली होती. शिकवणाऱ्या बाईंनी, म्हणजे मुलांच्या शिट्टीताईने, तिला रांगेत शेवटी उभं केलं होतं. रांग संपायच्या आत पोचायचं होतं.

फाटकावर रखवालदार आडवा आला. "ओ बाई! इथे कपडे धुवायला मनाई आहे."

"कपडे नाहीत," बाई न थांबता म्हणाल्या, "पोरगी आहे."

आणि मी तलाव पाहिला. बाप रे! टबांचा टब! निळा, लखलखता, पलीकडचा काठ दिसतो न दिसतो. मीच घाबरलो, तर बेडकी का नाही घाबरणार?

बाकावर बसलेले आईबाप हसायला लागले. कुणी म्हणालं, "साबण आणलाय ना?" बाईंनी तिकडे बघितलंच नाही. मला तलावाच्या पाण्याने भरून काठावर ठेवलं. बेडकीने माझा तुटका कान ओळखला, गुडघ्यावर बसली आणि बुडवलं तोंड. शिट्टीताईने पाच मोजले. बेडकी फुरफुरत वर आली.

"शाबास!" शिट्टीताई म्हणाली. "पण टबातलं धरता येत नाही गं. तलावात करायला हवं."

"पाणी तर तलावातलंच आहे," बेडकी म्हणाली.

बाकावर पुन्हा हशा. पण आता त्यात टोमणा नव्हता. शिट्टीताईही हसली. मग तिने अर्धं पाणी ओतून मला उचललं आणि अलगद तलावात सोडलं.

मी तरंगलो! आयुष्यभर पाणी माझ्यात होतं, आज मी पाण्यात होतो. बेडकी माझा काठ धरून एक पायरी उतरली. तिने माझ्यात तोंड घातलं, वर आली. आणखी एक पायरी. पाणी तिच्या कमरेला. पुन्हा तोंड. आणि तेवढ्यात माझी एक बाजू कलली. शिट्टीताईचा हात चुकून लागला की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. पाणी आत घुसलं. माझ्या जागी दुसरा कुठला हलका टब असता तर पुन्हा वर आला असता. पण माझ्या अंगात खडूची भुकटी! मी गेलो सरळ तळाला.

"माझा टब!" बेडकी ओरडली.

आणि वाकली. आधी हात आले, मग नाक, मग सगळं डोकं. केस वर पसरले. ती मला शोधायला खाली आली होती. मी तळावरून वर पाहिलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. कारण तिचे डोळे उघडे होते! टक्क उघडे! कुणाच्याही ओरडण्याशिवाय ती लाल टब शोधत होती आणि तो तिला सापडला होता.

पाण्यातून मला काठही दिसत होता. बाई कपड्यांसकट पायरीवर उतरल्या होत्या. गुडघ्यापर्यंत पाणी. आणि दोन्ही हात स्वतःच्याच तोंडावर गच्च दाबलेले. "डोळे मीट" हे शब्द त्यांनी आतच अडवून धरले होते. त्या दिवशी बेडकीपेक्षा मोठी परीक्षा त्या देत होत्या, आणि त्याही पास झाल्या.

बेडकीने माझा कान धरला आणि मला ओढत वर आणलं. बाहेर आली तेव्हा शिट्टीताई म्हणत होती, "...सात, आठ!"

शिट्टी अशी वाजली की बाकावरचे सगळे उभे राहिले. मघाशी साबण विचारणाराच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. "मोठा गट!" शिट्टीताईने जाहीर केलं. बाई पायरीवर तशाच बसल्या, ओल्या पदराने डोळे पुसत होत्या आणि पदरच ओला असल्यामुळे काही पुसलं जात नव्हतं.

संध्याकाळी आत्याचा फोन. "लावलास का एकटीचा?"

"नाही ताई. तुमच्या पिंट्याला तोच बरोबर होता, तो मुलांत बुजतो. आमच्या बेडकीला दहा पोरांचा गलका हवा. एकाने उडी मारली की ही मागे राहत नाही."

तसंच झालं. थंडी सरायच्या आत बेडकी तलावाच्या या काठावरून त्या काठावर जाऊ लागली. कालव्याच्या कडेने आता बाई तिला भिंतीकडे ढकलत नाहीत. हात मात्र धरतात. आई आहे, तेवढं चालायचंच.

शिट्टीताईने मला तलावावर मागून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, "थांबा, अजून एक जण शिकायची आहे घरात." आणि मग त्या स्वतःच बायकांच्या गटात गेल्या. पाच मोजायचे होते, बेडकीने काठावर उभं राहून दहा मोजले.

त्यानंतर मला द्यायला त्या तयार झाल्या. आता माझा मुक्काम तलावाच्या काठावर, उन्हात. कोणी पायरीला मिठी मारली की शिट्टीताई हाक मारते, "लाल टब आणा रे!" तळाला एक चीर गेली आहे, पाणी झिरपतं. पण मला त्याचं काय? मी तसाही बुडायलाच जातो.

आता निरोप घेतो. जाताना एकच मागणं आहे. मोठा गट घ्या, छोटा घ्या, ज्याला खरंच हवा त्याच्यासाठी एकट्याचा घ्या. पण फी भरण्याआधी घरातला टब भरा, लेकराला समोर बसवा आणि आधी तुमचं तोंड बुडवा. डोळे मात्र उघडे ठेवा. लेकरू तेच बघत असतं.