उभ्या मेंढीची कातरणी

गाभण मेंढी कातरायची तर उभीच कातरायची, हा बाबांचा हट्ट. बाकीचे गडी मेंढीला ढुंगणावर बसवून पाच मिनिटांत मोकळे होत. बाबांना एकेकीला अर्धा तास लागे. डावा तळवा पोटाखाली, उजव्या हातात कात्री. आत कोकरू हललं की काम बंद. "पाहुणा उठला," म्हणायचे आणि तो निजेपर्यंत थांबायचे. लोकरही बोटभर ठेवायचे, मेंढीला थंडी बाधू नये म्हणून. लोकांनी त्यांचं नाव पाडलं 'सुईण'. भल्या माणसाला त्याचाही अभिमान.

तीस वर्षांनी त्यांची मुलगी आज या मेंढवाड्यात कात्री घेऊन आली होती. नेहमीच्या गड्याचा हात मोडला होता आणि सहा मेंढ्यांना व्यायला महिनाच उरला होता, म्हणून मेंढवाड्याच्या मालकीण काकूंनी नाइलाजाने बोलावलं. काकू आता ऐंशीच्या, पण जीभ तशीच तिखट. मुलगी येताच त्यांनी बजावलं की बापासारखा हलगर्जीपणा चालणार नाही. त्याने कातरलेल्या त्यांच्या सगळ्यात चांगल्या मेंढीने दुसऱ्याच दिवशी दोन मेलेली कोकरं टाकली होती. म्हणे सुईण!

मुलगी कात्रीला धार लावू लागली. अठराव्या वर्षी तिच्या हाताला वेग होता आणि अकलेला सुट्टी. बाबा हातपाय धुवायला गेले तेवढ्यात तिने ती मेंढी खाली बसवली, गुडघ्यांनी पोट आवळलं आणि ते परत यायच्या आत लोकर काढून ठेवली. कौतुक होईल असं वाटलं होतं. कोकरं गेल्याचं कळल्यावर बाबा याच दारात म्हणाले, "माझ्याच हातून झालं." ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. त्या वर्षी निम्म्या घरांनी त्यांना बोलावणं सोडलं आणि 'सुईण' ही शिवी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; या मुठीची लाज तिला जन्मभर पुरली. बाबा जाईपर्यंत तिने गाभण मेंढीला हात लावला नाही.

पाच मेंढ्या झाल्या. काकूंनी सहावीचं तोंड धरलं होतं. अर्धं अंग कातरून झालं आणि तळव्याखाली कोकरू हललं. तिने कात्री खाली ठेवली. आता नुसतं उभं राहायचं होतं, आणि नुसतं उभं राहणं तिला झेपेना.

"काकू, ती मेंढी बाबांनी नव्हती कातरली. मी कातरली होती. खाली बसवून."

काकू कितीतरी वेळ मेंढीचा कान कुरवाळत राहिल्या. चिडतील असं तिला वाटलं होतं.

"तीन वेळा आला होता तुझा बाप माझ्याकडे," शेवटी त्या म्हणाल्या. "मजुरी नको म्हणायचा. एकदाच पोरीला घेऊन येऊ द्या, तिच्या हाताला भीती बसलीय, ती भीती इथेच जाईल. कसली भीती, मला काय माहीत? तिन्ही वेळा दारातूनच घालवला मी त्याला."

हे बाबा घरी कधी बोलले नव्हते. तिला रडू फुटलं, पन्नाशीच्या बाईला शोभणार नाही असं.

पोटातलं कोकरू केव्हाच शांत झालं होतं. कात्री मात्र तिला लवकर उचलता आली नाही.