आठ सेकंदांचं हसू

तानाबाईंच्या पोस्टकार्डाला धनंजयने चौदा महिन्यांत उत्तर दिलं नव्हतं. कार्ड जपून मात्र ठेवलं होतं; जुन्या अल्बमांखाली, सहसा नजरेस पडणार नाही अशा बेताने.

सेलूतल्या त्याच्या दुकानाच्या पाटीवर ‘दिग्दर्शक व संकलक’ असं लिहिलेलं होतं. लग्नाच्या फिल्मा करायचा तो. संकलन नागपुरात पंधरा दिवसांत शिकला, आणि त्यातल्या दोन गोष्टी पक्क्या लक्षात राहिल्या. एक, कुठलंही दृश्य संथ केलं की ते थोर होतं. त्याच्या फिल्ममध्ये वऱ्हाडी जिलेबीसुद्धा मोठ्या गांभीर्याने चावत. दुसरी, कॅमेरा हलला की त्या जागी कुणाचा तरी चेहरा चिकटवायचा. याला तो झाकण म्हणे.

पवनारच्या तानाबाईंच्या भाचीच्या, सुरभीच्या लग्नात असंच झालं. पाठवणीच्या वेळी गर्दीत धक्का बसला, चित्र हललं. त्याने हाताशी लागलं ते झाकण घातलं: पंगतीत हसणाऱ्या तानाबाई. चार सेकंदांचं हसू संथ करून आठ सेकंदांचं केलं. पडद्यावर नवरी रडत गाडीत बसली आणि तिची सख्खी आत्या दात काढून हसली. सुरभीच्या आईने, लीलाबाईंनी, हे व्याह्यांसमोर पाहिलं. तेव्हापासून नणंद-भावजयीचं बोलणं बंद.

कार्डावर होतं, “भाऊ, पोरगी जातानी मी नाई हसली. पंगतीत बुंदीवाला घसरला तवा हसली. मले तिथं काऊन नेऊन बसवलं? लीलाले तुमीच सांगा. माह्यं कोनी आयकून नाई राह्यलं.”

सांगायचं म्हणजे चूक कबूल करायची. आणि दिग्दर्शकाची चूक नसते, शैली असते.

परवा लीलाबाई सिंदी मेघेहून दुकानात आल्या. रविवारी सुरभीच्या बाळाचं बारसं होतं.

“मोठा कॅमेरा आनजो, बाबू.”

“आत्याबाई येतीन ना, काकू?” त्याने उगाच विचारलं.

“हासाले? तिले बोलावलंच नाई. सुरभी तिच्याच मांडीवर वाढली, मनून जास्त लागते.”

त्या गेल्यावर त्याने मूळ चित्रण काढलं आणि झाकण उचललं. खाली तेच हललेलं चित्र. कोपऱ्यात, गाडीच्या मागच्या चाकापाशी, तोंडात पदर कोंबून तानाबाई उभ्या होत्या. त्या रडत होत्या, हे नागपूरला न शिकताही कळत होतं.

पंगतीतलं हसू आणि हे रडणं, दोन्ही तुकडे त्याने लीलाबाईंच्या मोबाइलवर पाठवले. खाली लिहिलं, ‘जोड माझी आहे.’

तासाभराने फोन आला. “इतके दिवस काय करून राह्यला होता रे?”

“झाकत होतो, काकू.”

“तिले घ्याले मीच जाते. अन् बारश्याले दिसन तसंच काढजो.”

आता लीलाबाई तोंडी सांगतीलच, मग पत्र कशाला, असं त्याच्या मनात आलं. असे विचार त्याला चटकन सुचत. तरी त्याने साधं पोस्टकार्डच घेतलं, पोस्टमनलाही वाचता येईल असं: ‘तानाबाई, तुम्ही हसला नव्हता. तुम्हाला तिथे मी हसवलं. चौदा महिने गप्पही मीच बसलो. माफ करा.’ मग पोस्टापर्यंत चालत गेला आणि कार्ड पेटीत टाकलं.