कोयनेल आणि क्विनाईन

नरहरीला आता समोरचं तेवढं दिसे, ताटाएवढ्या गोलातलं. त्या गोलाबाहेर काळोखही नव्हता, काहीच नव्हतं. पापडी गावातल्या वाडीत चालताना केळीचं पान एकदम नाकासमोर उगवायचं. माणसं तशीच. आधी आवाज, मग कुठूनसा चेहरा.

पावसाळ्यानंतर त्याला मलेरिया झाला होता. डॉक्टरांनी क्विनाईनच्या गोळ्या दिल्या. पण त्याच्या बायकोला, आनंदीबाईला, माहेरापासून माहीत असलेलं हिवतापाचं औषध म्हणजे कोयनेल. ओळखीतल्या म्हाताऱ्या कंपाउंडरकडून तिने त्याची बाटलीही आणली. दोन औषधांनी ताप लवकर उतरेल म्हणून दोन्ही नेमाने दिली. त्याच्या कानात शीळ वाजू लागली, तेव्हा ती तापाचीच वाटली. भर दुपारी डोळे सताड उघडे ठेवून तो "दिवे लावा गं" म्हणाला, तेव्हा त्याला इस्पितळात हलवलं. दोन्ही नावं एकाच औषधाची, हे तिला तिथे कळलं.

तो वाचला. शीळ थांबली, मधली नजरही आली. पण त्यानंतर आनंदीबाईने त्याला स्वतःच्या हाताने काही दिलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही. "मीरा, ह्यांना वाढ गं," एवढंच सुनेला सांगायची.

"तुझ्या हातचं विष पचवलं, आता भात पचायचा नाही होय?" नरहरीने एकदा थट्टा केली. लांब जाणारी पावलं ऐकू आली, एवढंच.

म्हणून आजच्या डोळ्यांच्या तपासणीत पास व्हायचंच, असं त्याने ठरवलं होतं. नजर परत आली म्हटल्यावर ती पुन्हा वाढेल.

वसईच्या दवाखान्यात त्याला पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं. कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. दिवे फारसे दिसेनात. नरहरी अंदाजाने, ठेका धरून दाबत राहिला.

"काका," पूर्वी नावाची डॉक्टर कागद बघून म्हणाली, "हे मशीन मधूनच दिवा न लावता थांबतं. तेव्हाही तुम्ही दाबलंत. भजनात झांज वाजवताय का?"

"बायकोसाठी दाबलं."

"मग तिच्यासाठीच आता खरं दाबा. नाहीतर उद्या वाडीतल्या विहिरीत जाल."

त्याने पुन्हा, खरं दाबलं. निकाल गेल्या खेपेसारखाच आला.

"मधली नजर टिकेल," डॉक्टर हलकेच म्हणाली. "कडेची आता परत येईल, असं मला वाटत नाही."

बाहेर बाकावर आनंदीबाई बसली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला नाही. "नक्की कुठपर्यंत दिसतं?" एवढंच विचारलं आणि त्याच्या नाकासमोर बोट धरून ते सावकाश कानाकडे नेलं.

"दिसतंय... दिसतंय... गेलं."

मग दुसऱ्या बाजूने. शिंप्याने माप घ्यावं तशी ती मन लावून बघत होती. काळजी करतेय, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी तो जेवायला बसला. मीरा कामावरून यायची होती. समोर रिकामं ताट. मग गोलात एक वाटी आली, तिच्यामागून भाताचं भांडं आणि उलथणं. धरणारे हात कडेबाहेरच राहिले. भात पडला. उलथणं नाहीसं झालं.

"मीरा आली का?"

"नाही." आवाज उजव्या कानाशी, अगदी जवळून.

नरहरीच्या अंगावर काटा आला. ती कधीपासून तिथे होती? तो जरा हलला तसे तिचे श्वासही हलले आणि दवाखान्यात तिचं बोट जिथे नाहीसं झालं होतं, बरोबर तिथेच थांबले.

"आमटी घालू?" काहीच नसलेल्या जागेतून तिने विचारलं. आवाज कापत होता.

मान वळवली असती तर ती दिसली असती. नरहरीने ताटावरची नजर काढली नाही. बोटांनी भातात खळगा केला आणि म्हणाला, "घाल."