ध चा मा

मास्तरांनी कळ दाबली आणि पडद्यावर फोल्डरांची नावं सरसर वर सरकू लागली. मागे खुर्ची ओढून बसलेल्या बाईंची पापणीही लवत नव्हती.

अकरा वर्षं खपून तयार केलेला शब्दकोश चार दिवसांत छापायला जायचा होता आणि ‘ध’ हे अख्खं अक्षर गायब झालं होतं. गेल्या वर्षीच पूर्ण झालेलं, म्हणून तेव्हापासून कुणी उघडलंच नव्हतं. फायलींना हात लावणारे दोघेच. बाई नोंदी तपासायच्या. एके काळी गणित शिकवणारे मास्तर संगणक सांभाळायचे. सरांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, सकाळीच सुनावलं होतं, “संध्याकाळपर्यंत मिळालं नाही तर मास्तर, उद्यापासून येऊ नका.” बाईंना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. हा माणूस त्यांना पहिल्यापासून खटकायचा. इतकं गोड बोलतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंयच.

“हे नक्की काय करतंय?”

“प्रत्येक फोल्डर उघडतंय, ताई. आत दुसरा असला तर त्याच्या आत जातंय. तळ लागला की परत वर. एवढीशी स्क्रिप्ट आहे.”

“आणि एखादा सोडला तर?”

मास्तर जरा थबकले. “सांगितल्याशिवाय सोडत नाही.”

ते थबकणं बाईंनी बरोब्बर टिपलं. यादी संपली. ‘ध’ नव्हता. मास्तर पाणी प्यायला उठले, तशा बाई पडद्याशी वाकल्या. स्क्रिप्टमधलं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून गेलं. त्यातला ‘स्किप’ तेवढा कळला आणि त्याच्या पुढचा एकुलता एक मराठी शब्द: माझं.

त्या तडक सरांना घेऊन आल्या.

“स्वतःचा फोल्डर वगळलाय बघा. यांनीच ध चा मा केलाय, सर.”

मास्तर ग्लास हातात धरून दारातच उभे राहिले. “ताई, तेवढं राहू द्या. सकाळी पहिल्या फेरीत त्यातल्या वरच्या दोन फायलींची नावं दिसली, तशी मी स्क्रिप्ट थांबवली. खाजगी आहे ते.”

“बिंग फुटेल ना.”

मास्तर पुढे आले. त्यांनी ग्लास ठेवला, ती ओळ खोडली आणि कळ दाबली.

सर चष्मा सावरत मोठ्याने वाचू लागले. सगळं अकारविल्हे लागलेलं होतं. “माझं. त्यात नवीन फोल्डर. त्यात आणखी एक नवीन फोल्डर. मग... तक्रार, मास्तरांची, कच्ची. तक्रार, मास्तरांची, पक्की. तक्रार, मास्तरांची, सरांना द्यायची. आणि... हा बघा, ध.”

बाईंना आता आठवलं. गेल्या वर्षी रागाच्या भरात मास्तरांविरुद्ध लिहिलेली, नंतर राग ओसरल्यावर विसरलेली ती तक्रार. ती फोल्डरात सारत असताना मास्तर अचानक आत आले होते, आणि बाईंनी निवडलेलं होतं-नव्हतं ते सगळं घाईघाईने आत ढकललं होतं.

सर मास्तरांकडे वळले. “म्हणजे कुणाबद्दल तरी तुमची तक्रार होती, म्हणून तुम्ही ‘ध’ दाबून ठेवलात? तुम्ही, मास्तर?”

मास्तरांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. टेबलावरचा आपला डबा उचलून ते पिशवीत ठेवू लागले.

“सर,” बाई म्हणाल्या. “ते ‘माझं’ माझं आहे.”