हीटर बंद

"आता घरी गेल्यावर ती गरम पुडी पायाला चिकटवायची नाही म्हणजे नाही," नर्स मित्सुएला दटावत होती. "झोपेत भाजतं आणि कळतसुद्धा नाही. तेव्हाही झोपतानाच लावली होती ना?"

"हो, झोपतानाच," मित्सुए म्हणाली. "माझाच वेंधळेपणा."

तिचा नवरा तोकुजी खिडकीशी उभा राहून बाहेरचा बर्फ बघत राहिला. मी तिचे कपडे पिशवीत भरत होते, माझा हात थांबला. पुडी कुठे लावली होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मी त्यांची शेजारीण, दोघांहून वयाने मोठी. इथे उत्तर जपानात, आसाहिकावात बर्फ पडायला लागला की मी बाजाराला त्यांच्याच गाडीतून जाते. त्यामुळे खरं तर मी बोलू नये, पण राहवत नाही.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर तोकुजीने ही वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी घेतली, आणि त्याला तिचं वेडच लागलं. घरातल्या साध्या शंभर व्होल्टच्या प्लगवर वेळ लागतो आणि वीज वाया जाते म्हणून भिंतीवर दोनशे व्होल्टचा वेगळा प्लग बसवून घेतला. निघायच्या जरा आधी चार्जिंग पुरं होईल असा टायमर लावायचा, म्हणजे बॅटरी गारठत नाही. केबलवरचा बर्फ तर इतक्या मायेने झटकायचा की बघत राहावं. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणायचा, तुमचा चेहरा विसरायला झालाय. तोकुजी ते गल्लीभर सांगत फिरायचा.

पण त्या गाडीत हीटर लावला की इंजिन सुरू व्हायचं आणि पेट्रोल जळायचं. म्हणून हीटर बंद. आमच्याकडे भर हिवाळ्यात लोक तापवलेल्या घरात अर्ध्या बाह्यांत बसून आइस्क्रीम खातात, आणि या बाबाच्या गाडीत आम्ही दोघी ब्लँकेट गुंडाळून तोंडातून वाफा काढत बसायचो. जुन्या मधुमेहाने मित्सुएचे पाय अर्धे बधिर झालेले. थंडीने ठणकायचे, पण भाजलेलं कळायचं नाही. दुकानात मिळते ती गरम पुडी ती गाडीत बसताच मोज्यात चिकटवायची. हलवली की तासन्‌तास तापत राहते ती. एकदा घरी गेल्यावर काढायची राहिली आणि जखम पार हाडापर्यंत गेली. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. या पावलाला आता गरम-गार काहीच कळणार नाही, डॉक्टरांनी आमच्यादेखत सांगितलं होतं.

नर्स औषधं आणायला गेली तशी मी तोकुजीला बाहेर गाठलं. म्हटलं, ती तुझ्यासाठी खोटं बोलतेय, परक्या पोरीची बोलणी खातेय, तुला काही वाटतं की नाही? तू सांगतोस की मी सांगू?

"सांगतो," म्हणाला. नर्स औषधं घेऊन आली. त्याने तोंड उघडलं आणि तिला म्हणाला, "मी गाडी दाराशी आणतो."

असा राग आला मला. पण मीही गप्पच बसले.

आम्ही खाली आलो तर गाडीत नुसती भट्टी. हीटर शेवटच्या आकड्यावर. मी मागे बसले आणि गळ्यातला मफलर काढला.

"अहो, इंजिन चालू आहे," मित्सुए म्हणाली. "पेट्रोल जातंय ना."

"जाऊ दे."

गाडी नदीवरच्या पुलावर आली. मग तो समोर बघतच म्हणाला, "मी तिथे सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं होतं?" असं म्हणून तिने काचेबाहेर बघितलं.

सिग्नलला गाडी थांबली. त्याने वाकून तिच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं आणि गरम वारा थेट डाव्या पावलाकडे वळवला.

"ऊब लागतेय का पायाला?"

मित्सुएने खाली पावलाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"हो," ती म्हणाली. "छान लागतेय."

तोकुजीने मान हलवली. दिवा हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, पण बराच वेळ त्याला गाडी पुढे काढता आली नाही.