एनिडबाईंची पाटी आणि माझं वेल्किन

चर्चच्या भिंतीवर लावायची पाटी मी घंटा वाजवण्याआधीच रंगवून ठेवली. आमच्या यॉर्कशरच्या खेड्यात हा अपशकुन समजतात, पण निवृत्त मास्तराला अडवणार कोण? सोनेरी अक्षरांत लिहिलं: ‘आठ घंटेकऱ्यांनी तीन तास अखंड घंटा वाजवून वेल्किन दणाणून सोडलं.’ खाली आठ नावं. वर एनिडबाईंचं, शेवटी माझं, जरा ठळक.

"हे वेल्किन काय रे, क्लेमेंट?" एनिडबाईंनी विचारलं. बाई आमच्या चर्चच्या घंटेकऱ्यांच्या म्होरक्या, वय एकोणऐंशी. सोमवारी खांद्याचं ऑपरेशन. त्यानंतर घंटेच्या दोराला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे त्यांची ही शेवटची संधी.

"आकाशाचा जुना शब्द. पण मूळ अर्थ ढग!" झालं, माझी गाडी सुटली. "आपले पूर्वज वर बघायचे तर ढगच ढग. बिचारे आकाशाला दुसरं काय म्हणणार?"

"शहाणे होते. बोलत नव्हते फार. चल, दोर धर."

आमचा नियम कडक. आठ घंटांचा क्रम दर फेरीला बदलतो, आणि एकाचा दोर चुकला की सगळं रद्द, पाटीसुद्धा.

दोन तास चाळीस मिनिटं मी चुकलो नाही. माझा मलाच विश्वास बसेना. तेवढ्यात समोरच्या खिडकीत ढग फाटले आणि लख्ख निळं दिसलं. लगेच माझ्या डोक्यात किडा वळवळला: मग या निळ्याला ते लोक काय म्हणत असतील? रविवारी कुणाकुणाला पकडून हे सांगायचं, ते ठरवत होतो, तोवर माझी घंटा भलत्याच जागी वाजली. पाठोपाठ सगळ्यांचा गोंधळ उडाला.

"थांबा!" एनिडबाई ओरडल्या.

लाज म्हणजे काय, ते मला सत्तराव्या वर्षी कळलं.

"काय बघत होतास?"

"आकाश. निळं झालं होतं हो, बाई."

बाई खांदा चोळत खिडकीशी गेल्या. पन्नास वर्षं तिच्याकडे पाठ करून वाजवत आल्या होत्या. बघतात तर पुन्हा ढगच ढग.

"शब्द बरोबर होता तुझा, मास्तर," त्या म्हणाल्या. "दोर तेवढा चुकला."

त्यांना कोटाची बाही चढवता येईना, म्हणून मी धरली. बाईंनी एक सणसणीत शिवी हासडली असती तर मी आनंदानं घरी गेलो असतो. त्यांनी एवढंच विचारलं, "माझं नाव आजच पुसशील ना रे?"